बाळ सांभाळणे शक्य नसेल तेव्हा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रसूती विभागाचे वर्षभराचे काम आम्ही दरवर्षी आपल्यापुढे आकड्यांत मांडतो. आज तक्त्यात न बसणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलण्याची अनुमती असावी. कधी कधी बाळ सुखरूप जन्मते, आईची प्रकृतीही चांगली असते, पण पेढे वाटायला कोणी येत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाळंतीण सिस्टरना हळूच विचारते, "याला इथेच ठेवून घ्याल का?"

असे विचारणारी आई निर्दय असते, हा समज प्रथम दूर करावयास हवा. कोणी अविवाहित असते, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. कोणाच्या घरी लागोपाठच्या मुलींमुळे बोलणी खावी लागत असतात. कोणावर अत्याचार झालेला असतो. कोणाच्या बाळाला जन्मजात व्यंग असते आणि आई-वडील दोघेही भेदरून गेलेले असतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवीन नाही. १८६३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. संकटात सापडलेल्या विधवेने तेथे गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णसेवेत उभा राहिला. त्या साथीतच सावित्रीबाईंचे निधन झाले. 'न्यावे अथवा ठेवावे' या दोन्ही वाटा आईसाठी खुल्या ठेवणे, हेच त्या कार्याचे मर्म होते असे आम्ही मानतो. आजचा कायदाही तेच सांगतो.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग सांगतो. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. पतीच्या निधनानंतर काही महिन्यांनी एक मजूर स्त्री आमच्याकडे बाळंत झाली. घरी आधीची दोन मुले होती. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नात्यातील एक दांपत्य निपुत्रिक होते. माणसे सज्जन, खाऊनपिऊन सुखी. त्यांनी तिचे बिल भरावे, तिने बाळ त्यांना द्यावे आणि जन्माच्या कागदांवर आई-वडील म्हणून त्यांचीच नावे लागावीत, असे परस्पर ठरले. वॉर्डातील मावशींच्या कानावर ही गोष्ट आली आणि त्यांनी ती सिस्टरना सांगितली म्हणून आम्हाला कळली.

आम्ही नकार दिला तेव्हा ते दांपत्य फार दुखावले. "आम्ही कोणाचे वाईट करीत आहोत का?" असा त्यांचा प्रश्न होता. येथे बसलेल्या अनेकांच्याही मनात तो येत असेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

बाळ असे हातोहात दिले गेले की आईला पुन्हा विचार करण्याची संधी राहत नाही. आठवड्याने मन बदलले तर तिने दाद कोठे मागावी? बाळाची जन्मनोंदच खोटी होते आणि पुढे वारसा, ओळख, आनुवंशिक आजार अशा प्रत्येक प्रसंगी तो खोटेपणा त्याला भोवतो. घेणारे सज्जन आहेत की मुलांचा व्यापार करणारे आहेत, याची चौकशी कोणीच केलेली नसते. शिवाय बिलाच्या बदल्यात बाळ, हा व्यवहार कितीही गोड शब्दांत मांडला तरी विक्रीच ठरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाची विक्री वा खरेदी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे. रुग्णालयाचा कर्मचारी त्यात असेल तर शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे आहे.

मग त्या आईला आम्ही काय सांगितले? प्रथम बिलाची चिंता मिटवली. धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्ण निधी याच कामासाठी आहे. त्यानंतर समाजसेविका तिच्याजवळ बसल्या. "बाळ नको असं नाही हो ताई," ती म्हणाली, "पण दोघांचंच पोट भरत नाही, तिसऱ्याला काय घालू?"

अशा वेळी पहिली वाट असते ती बाळ आईजवळच राहावे यासाठी मदत उभी करण्याची. एकल पालकाच्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात सध्या प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलांना दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे. दोन्हींची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात होते. बाळाचे ओठ वा टाळू दुभंगलेले असतील, पाऊल वाकडे असेल वा हृदयात दोष असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उपचार व शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ शकतात. आईला झोप लागत नसेल, बाळाकडे पाहवत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. तो उपचाराने बरा होतो. त्याच्या भरात कायमचा निर्णय घेऊ नये. टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही बोलता येते.

एवढे करूनही बाळ सांभाळणे शक्य नसेल, तर दुसरी वाट बाळ कायदेशीररीत्या सोपविण्याची आहे. आई-वडिलांनी बाळासह जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जावे. समिती चौकशी करते, समुपदेशन करते आणि मगच समर्पणपत्र लिहून घेते. विवाहित दांपत्याचे मूल असेल तर दोघांची संमती लागते. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाबाबत आईची संमती पुरते. त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. त्या काळात बाळ विशेष दत्तक संस्थेत राहते आणि आई-वडिलांना ते परत मागता येते. मुदत संपल्यावर मात्र समिती बाळाला दत्तकासाठी मुक्त घोषित करते. पुढे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नोंदणीतून पात्र कुटुंब निवडले जाते आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. या सर्व प्रक्रियेत आईचे नाव गुप्त राहते. समितीपुढे बाळ सोपविणे हा गुन्हा नाही. बाळ उघड्यावर टाकून जाणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्यात बाळाच्या जिवालाच धोका असतो.

आई अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे आम्हाला बंधनकारक आहे. ही गोष्ट आम्ही तिच्या कुटुंबापासून लपवीत नाही. ते कळवणे तिच्या संरक्षणासाठी असते, हेही समजावून सांगतो.

ज्यांना कोणासमोरच येणे शक्य नसते, त्यांच्यासाठी अनेक दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा असतो. ही अखेरची वाट समजावी. १०९८ या बालमदत क्रमांकावरही चोवीस तास मदत मिळते. कोणाला बेवारस बाळ आढळल्यास याच क्रमांकावर वा पोलिसांना कळवावे. बाळ मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत कळविणे हे कायद्याने कर्तव्य आहे. ते घरी नेऊन ठेवणे हे नव्हे.

त्या मजूर आईचे पुढे काय झाले? तिने बाळ समितीकडे सोपविले. दीड महिन्याने तिचा भाऊ तिला आधार द्यायला तयार झाला, आम्ही बालसंगोपनाचा अर्ज भरून दिला आणि मुदतीच्या आत ती बाळ परत घेऊन गेली. त्याच सुमारास अशीच बाळ सोपविलेली दुसरी एक मुलगी परत आली नाही. तिचे बाळ यथाकाल एका कुटुंबात गेले. या दोघींपैकी अधिक चांगली आई कोणती, असे आम्हाला कोणी विचारू नये. दोघींनीही आपल्या बाळाला सुरक्षित हाती दिले. एकीच्या बाबतीत ते हात पुन्हा तिचेच निघाले, इतकाच फरक.

त्या निपुत्रिक दांपत्यालाही आम्ही रिकाम्या हाताने परत पाठविले नाही. दत्तकाच्या नोंदणीची माहिती त्यांना दिली. वाट पाहावी लागेल, तीही मोठी, हे स्पष्ट सांगितले.

विश्वस्त व देणगीदारांना आमची एक नम्र विनंती आहे. 'आमच्या ओळखीत एक चांगले घर आहे, एखादे बाळ असेल तर सांगा,' असे निरोप आम्हाला वर्षातून अनेकदा येतात. त्यामागची भावना आम्ही जाणतो, तरीही प्रत्येक वेळी आमचे उत्तर नकाराचेच राहील. आपल्याला हातभार लावायचाच असेल, तर समाजसेविकेच्या पदासाठी लावावा. त्या वॉर्डात बसलेल्या असतात म्हणूनच अशी आई हळू आवाजात का होईना, आपला प्रश्न विचारू शकते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना इतकेच सांगणे आहे की आपल्या घरातील वा शेजारची एखादी लेक या संकटात असेल, तर तिला रागावण्यापूर्वी आमच्याकडे घेऊन या. आमच्या प्रसूती कक्षाचे दार रात्रीही उघडे असते.