तिला थेट विचारा

आज समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी अनेकजण लवकरच एखाद्या पूरग्रस्त गावात, दंगलीनंतरच्या छावणीत किंवा परदेशातल्या निर्वासितांमध्ये कामाला लागाल. तिथे पहिल्याच दिवशी तुमच्या हाती यादी येईल. कुटुंबं किती, माणसं किती, चादरी किती, शिधा किती. मला आज त्या यादीबद्दल बोलायचं आहे. छावणीतली एखादी अपंग बाई सुरक्षित राहते की नाही, हे पुष्कळदा ती यादी कोणाला विचारून केली यावर ठरतं.

यादीत नाव असतं कुटुंबप्रमुखाचं. शिधा त्याच्या हातात, अनुदान त्याच्या खात्यात. घरात कर्णबधिर सून असो की अंथरुणाला खिळलेली बहीण, तिच्याबद्दल बोलतो तोच. 'तिला काही कळत नाही, काय ते मला विचारा,' हे तुम्ही जागोजागी ऐकाल. बहुतेक वेळा त्यामागे मायाच असते. पण जिथे अत्याचार करणाराच तिची देखभाल करतो, तिथे या एका वाक्याने तिची सगळी दारं बंद होतात. जेवू घालणारा तो, औषध देणारा तो, शौचाला नेणारा तो आणि तुमच्याशी बोलणाराही तोच. तिने तक्रार करायची कोणाकडे, आणि कोणाच्या तोंडून?

म्हणून तिला थेट विचारा. वेगळी वेळ काढा, तिच्या विश्वासातली दुसरी बाई शोधा, दुभाषी आणा. घाई करू नका. ती खुणेने सांगेल, अडखळत सांगेल, चित्रावर बोट ठेवून सांगेल. सांगायचं की नाही, हेही तीच ठरवील.

तिच्या शब्दाला किती वजन आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. २०११ साली आंध्र प्रदेशात एका अंध दलित तरुणीवर तिच्याच घरात बलात्कार झाला. आरोपी घरच्यांच्या ओळखीचा होता. तिने त्याला आवाजावरून ओळखलं. पाटण जमाल वली खटल्याच्या एप्रिल २०२१च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांनी तिची साक्ष ग्राह्य धरली आणि बलात्काराची शिक्षा कायम केली. साक्षीदार अपंग आहे एवढ्यावरून तिची साक्ष कमकुवत ठरत नाही, असं त्यांनी बजावलं. बाई असणं, दलित असणं आणि अंध असणं यांचा भार तिच्यावर एकत्रच येतो, याचीही त्या निकालात सविस्तर चर्चा आहे. हा निकाल तुम्ही प्रत्येकाने मुळातून वाचावा अशी माझी विनंती आहे. त्याआधी २०१३च्या दुरुस्तीने कायद्यात सोय झालीच होती: अशा गुन्ह्यात अपंग स्त्रीची फिर्याद पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जाऊन घ्यायची, सोबत दुभाषी किंवा विशेष शिक्षक असायला हवा, आणि त्याचं चित्रीकरण करायचं. छावणीत हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण तिथल्या हवालदाराला ते माहीत असेलच असं नाही.

आणि अत्याचारानंतर वेळ थोडा असतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांच्या आत. दुभाषी शोधण्यातच दोन दिवस गेले तर उरतं काय? म्हणून जिथे जाल तिथली कर्णबधिरांची शाळा आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक आधीच गाठा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्याचं सातवं कलम अत्याचारापासून संरक्षणाचं, आठवं आपत्तीतल्या सुरक्षेचं. जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवावी, असं आठवं कलम सांगतं. रुजू झाल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन ती नोंद मागा. नसेल तर ती व्हावी म्हणून पाठपुरावा करा. मात्र हातात आल्यावर ती जपा. एकटी राहणारी अंध मुलगी कुठल्या तंबूत आहे, हे सांगणारा कागद चुकीच्या हातात पडला तर तिचा घात होईल.

आता शौचालयाबद्दल. हा विषय दीक्षान्त सभागृहात निघत नाही, पण छावणीत बाईच्या जिवाशी याचाच संबंध असतो. मदतकार्यासाठीची स्फिअरची जागतिक मानकं सांगतात: वीस माणसांमागे एक शौचालय, राहत्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत, आतून कडी, आणि उजेड. २०१७च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आले. टेकड्या तासून तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. पावसाळ्यात त्या मातीच्या चढावर धडधाकट माणूसही घसरतो. अंधारात शौचाला जाण्याच्या भीतीने बाया पाणीच कमी पीत. कुबडी घेऊन चालणाऱ्या बाईला तर पन्नास मीटरसाठीही कोणाला तरी सोबत घ्यावं लागतं, आणि तो कोण असेल हे तिच्या हातात नसतं. उतार, कठडा, दिवा, कडी हे संरक्षणाचंच काम आहे. ते अभियंत्यावर सोपवून मोकळे होऊ नका.

धोका आपल्या बाजूनेही येतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. २००२ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासितांविषयीचा अहवाल आला. अन्नाच्या बदल्यात मदतकार्यातलीच माणसं मुलींकडे शरीर मागत होती. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी याला सक्त मनाई करणारे नियम काढले. त्यानंतर तक्रारपेट्या आल्या. पण पेटी भिंतीवर उंच टांगलेली आणि तक्रार लिहूनच द्यायची, असं असेल तर अंध, निरक्षर किंवा व्हीलचेअरवरच्या बाईसाठी ती नसल्यातच जमा.

हे सगळं जमतं का? आपल्या मातीतच एक उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. घरांच्या दुरुस्तीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेच्या साथीने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. सरकारी योजना घरोघरी समजावणं, लोकांचं म्हणणं वर पोचवणं, हे काम त्यांनी केलं. तोवर ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्याच बायका इतरांना विचारू लागल्या.

तुमच्या पुढच्या छावणीत या कामावर अपंग स्त्रियांना नेमा. शौचालयाची जागा ठरवताना त्यांना सोबत न्या, यादी करायला त्यांना पाठवा, तक्रार ऐकायला त्यांना बसवा. आणि अंदाजपत्रकात त्यांचं मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि दुभाष्याचे पैसे पहिल्या दिवशीच धरा. वरिष्ठ म्हणतील, यासाठी तरतूद नाही. तेव्हा अंदाजपत्रकाचा तो कागद तसाच सही करून पुढे पाठवू नका.