जनुक म्हणजे काय?

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



जनुक हा शब्द आता पाठ्यपुस्तकातून गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचला आहे. तो उच्चारताच माळेतील मण्यासारखी एखादी वस्तू डोळ्यांपुढे येते. १९०९ साली योहानसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 'जीन' हा शब्द योजला, तेव्हा ती वस्तू कशाची बनली आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते. आज जनुकाची ओळख कार्यावरून केली जाते. डीएनएच्या लांबलचक धाग्यातील जो भाग एखादे प्रथिन अथवा कार्यक्षम आरएनए घडविण्याचा आदेश बाळगतो, ते जनुक. सीमोर बेन्झर यांनी १९५० नंतरच्या दशकात जंतुभक्षक विषाणूंवर प्रयोग करून दाखविले की, एकाच जनुकात अनेक ठिकाणी बिघाड होऊ शकतो. बदलाचे एकक अगदी लहान असते. कार्याचे एकक त्याहून पुष्कळ मोठे.

विदर्भातील आणि नंदुरबारकडील मंडळींना सिकलसेल आजार परिचित आहेच. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनचे जनुक सुमारे १,६०० अक्षरांचे आहे. त्याचा उपयुक्त मजकूर तीन तुकड्यांत विभागलेला असून मधला भाग पेशी गाळून टाकते. या मजकुरात एक अक्षर बदलले की १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात.

या जनुकाच्या दोन प्रती आपल्यात असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक. ती सहसा आजारी नसते. दोन्ही प्रती सदोष असलेले मूल जन्मले, तर त्यातली एक वडिलांकडूनच आलेली असते. तरीही बोल सुनेलाच लावला जातो, हे शास्त्राला धरून नाही. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, हा हिशेब चुकीचा आहे.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवर भर आहे. केवळ विद्राव्यता चाचणीने वाहक कोण व रुग्ण कोण हा भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढील चाचणी लागते. तिचा अहवाल येईपर्यंत कोणाच्याही नावापुढे 'रुग्ण' असे लिहू नये, एवढी माझी विनंती आहे.