परदेशातील कर्तृत्व आणि मायभूमीचे ऋण



समाजातील अनेक कुटुंबांचा एखादा मुलगा वा मुलगी आज परदेशी स्थिरावलेली आहे. त्यांच्याविषयी दोन टोकांची मते कानी पडतात. देशाच्या खर्चाने शिकून परक्यांची चाकरी पत्करली, हे एक. दूर राहूनही देशाचे नाव उज्ज्वल केले, हे दुसरे. दोन्हींत सत्याचा अंश आहे. म्हणून परदेशातील कर्तृत्व मायदेशाच्या कामी येते का, याचा शांतपणे विचार व्हावा.

प्रथम धनाचा विचार. परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेल्या रकमेने २०२२ साली १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. एवढी रक्कम मिळविणारे भारत हे पहिलेच राष्ट्र ठरले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार तिचा सुमारे एक पंचमांश वाटा एकट्या महाराष्ट्रात आला. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर देशावर आर्थिक निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेच्या ‘रिसर्जंट इंडिया’ रोख्यांत अनिवासी भारतीयांनी ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गुंतविली. त्यावर व्याज चांगले होते, हे खरे; तरीही अडचणीच्या वेळी तो पैसा देशाच्या उपयोगी पडला.

परंतु घरी येणारा पैसा मुख्यतः घराचाच असतो. त्यातून आईवडिलांचे औषधपाणी होते, भावंडांची शिक्षणे होतात, घरावर छप्पर चढते. हे मोलाचेच आहे. पण ज्या शाळेने अक्षर गिरवून घेतले आणि ज्या महाविद्यालयाने अल्प शुल्कात विद्या दिली, त्यांचे ऋण त्याने फिटत नाही. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात अशा स्थलांतरितांच्या उत्पन्नावर कर बसवून ती रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी वापरावी, असे सुचविले होते. ती सूचना प्रत्यक्षात आली नाही. मात्र जे कायद्याने वसूल होत नाही, ते कर्तव्यबुद्धीने देता येते.

आता विद्येचा विचार. अहमदाबादच्या उद्योगपती घराण्यातील विक्रम साराभाई केंब्रिजची पदवी घेऊन १९४७ साली परतले आणि त्याच वर्षी त्यांनी भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. भारताच्या अंतराळ संशोधनाचे बीज तेथे रुजले. याउलट हरगोविंद खुराना यांची कथा आहे. शासकीय शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले. परंतु शिक्षणानंतर त्यांना मायदेशी योग्य काम मिळाले नाही. पुढे कॅनडा व अमेरिकेत त्यांचे संशोधन बहरले आणि १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ज्ञानाचा लाभ अवघ्या मानवजातीला झाला, तसा भारतालाही झाला. पण त्यांच्या हाताखाली येथे घडू शकणारी विद्यार्थ्यांची पिढी मात्र घडली नाही. हा दोष जाणाऱ्याचा म्हणता येत नाही. गुणी माणसाला सामावून घेणे हेही देशाचे कर्तव्य असते.

तात्पर्य, मनुष्य कोठे राहतो यावरून त्याचे योगदान ठरत नाही. मायभूमीशी त्याने कोणते नाते जिवंत ठेवले, यावरून ते ठरते. येथे राहूनही जो केवळ स्वतःपुरता जगला, त्याने देशाला फारसे काही दिले असे म्हणता येणार नाही. दूर राहूनही जो आपल्या गावच्या एका गरजू विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण करतो, सुट्टीत येऊन जुन्या महाविद्यालयात चार व्याख्याने देतो, आपल्या क्षेत्रात नव्याने आलेल्या तरुणाचा हात धरतो, तो देशाचे काम करीतच असतो. त्याच्या वृद्ध आईवडिलांना मात्र पैशाहून त्याच्या सहवासाची ओढ अधिक असते. त्या ऋणाला धनादेशाचा पर्याय नाही, हेही त्याने विसरू नये.

जाणाऱ्याने मागे वळून पाहावे, आणि येथल्यांनी त्याला परका न मानता त्याच्या विद्येला वाव द्यावा. दोन्ही बाजूंनी हे घडले, तर परदेशी गेलेला पुत्र देशाने गमावला, असे म्हणण्याची वेळ येणार नाही.