न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि चवदार तळ्याचा निकाल
(वालूर येथील भाषण)



महाडचा सत्याग्रह आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु चवदार तळ्याचा अंतिम निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव आपल्या सभांतून क्वचितच ऐकू येते. ते नाव रॉबर्ट ब्रूमफिल्ड. त्यांच्याविषयी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

ब्रूमफिल्ड हे आय.सी.एस. अधिकारी. अहमदाबादला जिल्हा न्यायाधीश असताना १८ मार्च १९२२ रोजी त्यांनी राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींना सहा वर्षांची साधी कैद दिली. सरकारने ही शिक्षा कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणालाच होणार नाही, असेही ते त्याच वेळी म्हणाले. बार्डोलीच्या सत्याग्रहानंतर तेथील शेतसाऱ्याची चौकशी मॅक्सवेल यांच्याबरोबर त्यांनीच केली. २२ टक्क्यांची वाढ त्या चौकशीने सुमारे ६ टक्क्यांवर आणली. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

२० मार्च १९२७ रोजी पूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सनातन्यांनी दावा लावला आणि डिसेंबरात मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला आणि कोर्टात लढा दिला. महाडला १९३१ साली जिंकले, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली जिंकले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफिल्ड व न्या. वाडिया यांनी सनातन्यांचे अपील फेटाळले.

मात्र विद्यार्थ्यांनी हा निकाल बारकाईने समजून घ्यावा. अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावर तो उभा आहे. अशी वहिवाट मुळातच अन्यायाची आहे काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. उद्या दुसऱ्या गावाने जुना पुरावा आणला असता तर?

शिवाय आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा निकाल इथल्या विहिरी-बारवांना लागू नव्हता.

न्यायाधीश निःपक्षपाती असला तरी हाती असलेल्या कायद्यानेच न्याय देतो. म्हणून कायदाच बदलावा लागतो. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आता वहिवाटीचा पुरावा कोणी आणला तरी तो चालत नाही.

न्या. ब्रूमफिल्ड यांचे ऋण आम्ही मानतो. पण आपल्या मुलामुलींनी वकील व्हावे, न्यायाधीश व्हावे आणि कायदे करणाऱ्या सभागृहातही बसावे, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!