आवाज ओळखीचा आहे!

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एरवी माईकसमोर बसतो तेव्हा ऐकणारा दिसत नाही. आज सगळे दिसताय, म्हणून जरा दडपण आहे. 'रेडिओ आणि जाहिरातीतलं करिअर' यावर बोला असं कमिटीनं सांगितलंय. मुलांना उपयोग होईल म्हणून अनुभवाचंच सांगतो.

मी मूळचा साताऱ्याचा. आमच्या घरात सकाळ व्हायची ती आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर. हे केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ ला सुरू झालं. रेडिओची सुई १२५१ किलोहर्ट्झवर असायची आणि तिला हात लावायची आम्हा पोरांना परवानगी नव्हती, कारण वडिलांना बाजारभाव ऐकायचे असत. पुढं नोकरीसाठी सांगलीत आलो. आवाजाची पहिली कमाई मात्र रेडिओतली नव्हे, रिक्षावरच्या भोंग्याची! एका कापड दुकानाचा सेल मी दिवसभर गल्लोगल्ली ओरडत फिरलो. संध्याकाळी घसा बसला, पण खिशात पैसे होते.

नंतर आवाजाची चाचणी देऊन नैमित्तिक उद्घोषक झालो. तिथं कळलं की आपल्याला मराठी येते हा गैरसमज आहे. 'चार पेंढ्या चारा' म्हणा बघू. दोन्ही 'च' वेगळे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणं, लिहायला एक, बोलायला दोन. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, "श्रोतेहो म्हणताना हजार माणसं डोळ्यांसमोर आणू नकोस. गोठ्यात धार काढत बसलेला एकच माणूस आण." आजही मी तेच करतो.

जाहिरातीचं काम त्यानंतर आलं. विविध भारतीवर जाहिराती १९६७ साली सुरू झाल्या, मुंबई, पुणे, नागपूरपासून. त्याआधी रेडिओ सिलोनवर १९५२ पासून 'गीतमाला' गाजवणाऱ्या अमीन सायानींनी पुढं हजारो जाहिरातींना आवाज दिला. आपल्या मराठीत 'प्रपंच'वाले बाळ कुडतरकर होते. ३० सेकंदांत साधारण साठ शब्द बसतात. त्यात दुकानाचं नाव, पत्ता, सवलत आणि वर हसरा आवाज! मुलांनो, पैसे कामागणिक मिळतात, पगारासारखे नाही. सुरुवातीला दुसरी नोकरी हातात ठेवा. आणि गावाकडच्या बोलीची लाज बाळगू नका. आपल्या साताऱ्याच्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. तिथं केराबाई सरगर आपल्याच बोलीत, ओव्या गात कार्यक्रम करतात आणि लोक कान देऊन ऐकतात.

आता एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे ते काका आज इथंच बसलेत, त्यांना विचारूनच सांगतोय. पंधराएक वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या ठेव योजनेची जाहिरात मी केली. शेवटचे शब्द होते 'निर्धास्त राहा'. ते मी इतक्या आपुलकीनं म्हटले की एका टेकमध्ये काम झालं. दोन-अडीच वर्षांनी संस्था अडचणीत आली, ठेवी अडकल्या. काकांनी मला जिन्यात थांबवलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझा आवाज ऐकला, म्हटलं घरचाच माणूस सांगतोय." निवृत्तीचे दोन लाख होते. हप्त्याहप्त्यानं थोडे परत आले, सगळे नाही.

मला कुणी दोष दिला नाही. मी फक्त वाचलं होतं, लिहिणारा दुसराच होता. पण लोक कागद ऐकत नाहीत, आवाज ऐकतात. तेव्हापासून ठेवींच्या आणि हमखास गुण देणाऱ्या औषधांच्या जाहिराती घेत नाही. वर्षाला तीन-चार चांगली कामं त्यामुळं जातात. मुलाच्या फीच्या वेळी ते टोचायचं, खोटं कशाला बोलू?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आपल्या घराघरांत पुरातले नातेवाईक आले होते आणि फोनवर नाही नाही त्या अफवा. तेव्हा कमिटीनं सोसायटीचा माईक माझ्याकडं दिला. रोज सकाळ-संध्याकाळ खात्री करून मी पाण्याची पातळी सांगायचो, दूध कुठं मिळेल ते सांगायचो. कळलं नसेल तर 'अजून कळलं नाही' असंही सांगायचो. पाचव्या दिवशी तेच काका गॅलरीतून म्हणाले, "तू सांगितलंस म्हणजे बरोबर असणार." आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं मानधन ते.

आता संगणकही माणसासारखा आवाज काढतो. न थकता, न खोकता. माझी कामं कमी होतील, होऊ देत. पण सांगितलेलं चुकीचं निघालं, तर काकांनी जिन्यात गाठायचं कुणाला?

आपण शेजारी आहोत, एकमेकांचा आवाज ओळखतो. तो विश्वास पुढची पंचवीस वर्षं टिकू दे.