मधुमेहनिवारणाचा प्रारंभ



भोपाळच्या दक्षिणेस, नर्मदापुरमच्या मार्गावर मिसरोद आहे. एके काळचे हे खेडे आता नगरात सामावले आहे. खेड्याचे नगर होताना पायांचे श्रम घटतात, आहार पालटतो आणि मधुमेहास वाव मिळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही आहेत, तर १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ज्यांना अद्याप सावरता येईल, त्यांचीच संख्या अधिक आहे. म्हणून अशा परिसरासाठी संशोधन, उपचार व प्रतिबंध यांचे केंद्र उभारावयाचे, तर त्याने कार्यारंभ कोठून करावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्याने होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. निर्धन रोग्याने अनवाणी, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे, असेही त्याने सांगितले. चालण्याचा उपदेश आजही ग्राह्य आहे. अनवाणी चालणे मात्र वर्ज्य, कारण या रोगात पायांची संवेदना मंदावते व जखम कळत नाही. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि असंख्य प्राण वाचले. तथापि औषधाने रोग आटोक्यात राहतो. तो उद्भवू न देण्याचे कार्य निराळेच आहे.

त्या कार्याची दिशा पुण्याने दाखविली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. पण आश्चर्य असे की, या हडकुळ्या बालकांचे स्नायू अल्प असूनही अंगातील मेद त्या मानाने टिकून होता. २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! कृश दिसणारा मनुष्य निर्धास्त राहू शकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच खेड्यांत असेही आढळले की, ज्या माता गर्भारपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेत, त्यांची बालके अधिक वजनाची होती. बहुतांश माता दिवसभर शेतात राबणाऱ्या होत्या.

सारांश, मिसरोदसारख्या ठिकाणच्या केंद्राने रोग्याची वाट पाहत दारात बसू नये. कृशांचीही रक्तशर्करा तपासावी, गर्भवतीच्या घरी जावे, तिच्या श्रमांची व आहाराची विचारपूस करावी. जी सून सर्वांना वाढून उरलेसुरले खाते, तिच्या उदरात पुढील पिढीचे आरोग्य घडत असते. तिचे पान प्रथम वाढले जावे. मधुमेहनिवारणाचा प्रारंभ तेथूनच आहे.