बोन स्कॅनमधला काळा डाग

आईचा गुडघा बदलून ८ महिने झाले, तरी दुखणं थांबेना. एक्स-रे नॉर्मल. मग बोन स्कॅन केला. टेक्नेशियमचं इंजेक्शन द्यायचं, ३ तास थांबायचं, मग फोटो. जिथे हाड नव्याने घडत असतं, तिथे हे औषध जास्त साठतं. आईच्या गुडघ्याभोवती काळा डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला. सांधा सैल झाला की काय?

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर वर्षभर, कधीकधी त्याहूनही जास्त, असं दिसू शकतं. स्कॅन स्वच्छ आला तर मोठा दिलासा. पण नुसत्या डागावरून निदान होत नाही." म्हणून गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. इन्फेक्शन निघालं नाही. आता व्यायाम सुरू आहे, पुढे पुन्हा तपासणी.

तेव्हा घरी असा रिपोर्ट आला, तर घाबरण्याआधी विचारा: ऑपरेशनला किती दिवस झाले?